अमेरिकी काँग्रेसच्या निवडणुकीत उमेदवारांच्या भूमिका कशा ताडून पाहाव्यात?

अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या मराठी मतदाराला भारतातील निवडणुकीची सवय असते आणि उमेदवारांची तुलना करताना नेमकी तीच आडवी येते. भारतात पक्षाने एबी फॉर्म दिला की उमेदवाराची भूमिका बहुतांशी पक्षाच्या जाहीरनाम्यात सामावून जाते, आणि निवडून आल्यावर पक्षादेश झुगारून मत दिल्यास पक्षांतरबंदी कायद्याखाली सदस्यत्वही जाऊ शकते. अमेरिकेत काँग्रेस म्हणजे तेथील संसद; तिच्या प्रतिनिधीगृहाच्या, म्हणजे कनिष्ठ सभागृहाच्या, सदस्याला हा धाक नसतो. पक्ष त्याच्यावर दबाव आणू शकतो, पण त्याची जागा काढून घेऊ शकत नाही. उमेदवारीही पक्षश्रेष्ठींकडून मिळत नाही. ती प्रायमरी नावाच्या पक्षांतर्गत निवडणुकीत मतदार देतात. त्यामुळे नावापुढचा पक्ष वाचून थांबता येत नाही. व्यक्ती तपासावी लागते.

उदाहरणासाठी मिशिगन राज्याचा तेरावा मतदारसंघ घेऊ. बेळगावात वाढलेले मराठीभाषक श्री ठाणेदार २०२२ मध्ये येथून डेमोक्रॅटिक पक्षातर्फे निवडून आले, म्हणून या मतदारसंघाचे नाव मराठी वाचकांच्या कानावरून गेलेले असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे उमेदवारांची तुलना करताना येणाऱ्या बहुतेक अडचणी येथे एकाच ठिकाणी सापडतात.

आधी मतदारसंघ आणि मतपत्रिका पक्की करावी

हे काम पाच मिनिटांचे आहे, तरी ते वगळू नये. डेट्रॉइट शहर बाराव्या आणि तेराव्या अशा दोन मतदारसंघांत विभागले गेले आहे, तर ट्रॉय, कँटन, नोव्हाय अशा ज्या उपनगरांत मराठी कुटुंबे अधिक आहेत ती तेराव्या मतदारसंघात येतच नाहीत. या सीमाही कायमच्या नसतात. २०२० च्या जनगणनेनंतर मिशिगनच्या जागा १४ वरून १३ झाल्या आणि स्वतंत्र नागरिक आयोगाने आखलेले नवे नकाशे २०२२ पासून लागू झाले. राज्याच्या मतदार माहिती केंद्राच्या संकेतस्थळावर पूर्ण पत्ता घालून नमुना मतपत्रिका पाहावी. एकच झिप कोड दोन मतदारसंघांत पसरलेला असू शकतो, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये.

उमेदवारांची यादीही अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावी. मिशिगनमध्ये काँग्रेसच्या प्रायमरीसाठी मतदारांच्या किमान १,००० वैध सह्या लागतात. २०२४ मध्ये ठाणेदारांचे आधीचे प्रमुख प्रतिस्पर्धी ॲडम हॉलियर यांचे नाव वैध सह्या कमी पडल्यामुळे मतपत्रिकेवर आलेच नाही. ज्यांनी त्यांची भूमिका आधीच अभ्यासून ठेवली असेल, त्यांची मेहनत वाया गेली.

मतदान केवळ नागरिकांनाच करता येते, हे वेगळे सांगण्याचे कारण असे की वाहन परवान्याच्या कार्यालयात मतदार नोंदणीचा विषय सहज पुढे येतो. ग्रीनकार्डधारकाने चुकून नोंदणी करून मत दिले, तर त्याच्या वास्तव्याच्या हक्कावरच गदा येऊ शकते.

खरी लढत कोणत्या फेरीत आहे, ते ओळखावे

तेराव्या मतदारसंघात डेमोक्रॅटिक पक्षाचे वर्चस्व इतके आहे की नोव्हेंबरमधील सार्वत्रिक निवडणूक बहुधा औपचारिक ठरते. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ठाणेदारांना सुमारे ७१ टक्के मते मिळाली. मात्र त्याच वर्षी २ ऑगस्टला झालेल्या प्रायमरीत नऊ उमेदवार होते आणि ठाणेदार तेथे सुमारे २८ टक्के मतांवर विजयी झाले. प्रतिनिधी ठरला तो ऑगस्टमध्ये. अशा मतदारसंघात नोव्हेंबर येईपर्यंत थांबून तुलना करणे म्हणजे वरात गेल्यावर घोडा शोधणे होय.

मिशिगनमध्ये मतदाराला पक्षाची नोंदणी करावी लागत नाही. प्रायमरीच्या मतपत्रिकेवर कोणत्याही एका पक्षाचा रकाना त्याला निवडता येतो. दोन पक्षांच्या रकान्यांत मते दिली, तर पक्षीय भागातील त्याची मते बाद होतात. प्रायमरीतील उमेदवार एकाच पक्षाचे असल्याने त्यांची बोली सारखीच असते: सर्वांना आरोग्यसेवा, चांगल्या नोकऱ्या, सुरक्षित वस्त्या. फरक तपशिलात दडलेला असतो आणि तो उमेदवार आपण होऊन क्वचितच सांगतात.

प्रश्न स्वतःचे ठरवावेत, आणि तेही उमेदवारांची संकेतस्थळे उघडण्यापूर्वी

माझ्या मते सर्वांत अधिक वेळ या पायरीवर द्यावा. उमेदवाराचे संकेतस्थळ आधी वाचले की त्याने निवडलेले विषय हेच आपले विषय होऊन बसतात. म्हणून प्रथम कोऱ्या कागदावर चार ते सहा प्रश्न लिहावेत आणि प्रत्येकापुढे तो काँग्रेसच्या अखत्यारीत येतो का, याची नोंद करावी. डेट्रॉइटमध्ये वाहन विम्याचे चढे हप्ते हा घरोघरचा विषय आहे, पण त्याचे नियम मुख्यत्वे राज्याच्या विधिमंडळात ठरतात. २०१९ मधील मोठा बदलही तेथेच झाला. शाळांचा कारभार स्थानिक मंडळे आणि राज्य पाहते. उलट वाहनउद्योगावरील आयातशुल्क, सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन), मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा), स्थलांतर, परराष्ट्र मदत आणि संघराज्याचा कर हे विषय वॉशिंग्टनचे आहेत. काँग्रेसचा उमेदवार विम्याचे हप्ते खाली आणण्याचे आश्वासन देत असेल, तर तो ते कोणत्या कायद्याने करणार, असे विचारणे वाजवी आहे.

प्रश्न नेमका असावा. ग्रीनकार्डचेच पाहू. ‘स्थलांतर व्यवस्थेत सुधारणा हवी का?’ या प्रश्नाला कोणताही उमेदवार होकारच देईल. वास्तविक नोकरीवर आधारित ग्रीनकार्डांत एका देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा आहे आणि भारतीयांची दीर्घ रांग प्रामुख्याने तिच्यामुळे लागते. ही मर्यादा उठवणारे विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झाले होते. पुढे डिसेंबर २०२० मध्ये सिनेटने वेगळा मसुदा संमत केला, दोहोंचा मेळ बसला नाही आणि कायदा झाला नाही. म्हणून प्रश्न असा विचारावा: ‘देशनिहाय मर्यादा उठवण्यास तुमचा पाठिंबा आहे का, आणि ग्रीनकार्डांची एकूण संख्या वाढवली नाही तरीही तो राहील का?’ दुसऱ्या भागातच खरी परीक्षा आहे. संख्या तीच ठेवून मर्यादा काढली, तर भारतीयांची रांग आखडते आणि इतर देशांतील अर्जदारांची लांबते. या ओढाताणीत उमेदवार कोणती बाजू घेतो, ते तेथे उघडे पडते.

पुरावा गोळा करताना प्रतवारी पाळावी

सर्व पुरावे सारख्या वजनाचे नसतात. विद्यमान सदस्याने प्रत्यक्ष सभागृहात दिलेले मत सर्वांत वजनदार असते. त्याखालोखाल त्याने स्वतः मांडलेली विधेयके येतात. मग चर्चासभेत किंवा प्रश्नावलीत दिलेली लेखी-तोंडी उत्तरे, नंतर संकेतस्थळावरील मजकूर आणि सर्वांत शेवटी टपालाने येणारी चकचकीत पत्रके. सहप्रायोजकत्वाला मी फारसे महत्त्व देत नाही: विधेयकाखाली नाव घालण्यास काही किंमत मोजावी लागत नाही आणि बहुसंख्य विधेयके समितीतच पडून राहतात. तरीही उमेदवाराने जेथे नाव घालण्याचे टाळले, ती जागा टिपून ठेवावी.

प्रतिनिधीगृहातील नावनिशीवार मते गृहाच्या क्लार्कच्या संकेतस्थळावर, तर विधेयकांचा मसुदा आणि प्रवास काँग्रेसच्या अधिकृत संकेतस्थळावर मोफत पाहता येतो. आव्हान देणारा उमेदवार राज्याच्या विधिमंडळात असेल, तर त्याच्या मतांची नोंद तेथे मिळते. ठाणेदार आणि हॉलियर दोघेही २०२२ मध्ये अनुक्रमे राज्याच्या प्रतिनिधीगृहात आणि सिनेटमध्ये होते. जो उमेदवार कधीच पदावर नव्हता, त्याच्या बाबतीत लीग ऑफ विमेन व्होटर्स (महिला मतदारांचा संघ) या निःपक्ष संस्थेच्या मतदार मार्गदर्शिकेतील उत्तरे उपयोगी पडतात. तेथे सर्व उमेदवारांना एकच प्रश्न विचारलेला असतो, त्यामुळे उत्तरे शेजारी शेजारी ठेवून वाचता येतात.

मात्र मत म्हणजेच भूमिका, असे समीकरण मांडू नये. ५ नोव्हेंबर २०२१ रोजी रस्ते, पूल, जलवाहिन्या यांसाठीचे पायाभूत सुविधा विधेयक प्रतिनिधीगृहात २२८ विरुद्ध २०६ मतांनी मंजूर झाले. विरोधात गेलेल्या सहा डेमोक्रॅट सदस्यांत तेव्हाच्या तेराव्या मतदारसंघाच्या प्रतिनिधी रशीदा तलैब होत्या, तर बाजूने मत देणाऱ्या तेरा रिपब्लिकनांत मिशिगनचेच फ्रेड अप्टन होते. नुसता तक्ता पाहणाऱ्याला वाटेल की तलैब यांना रस्ते नको होते. प्रत्यक्षात त्यांचा गट असे म्हणत होता की सामाजिक खर्चाचे दुसरे मोठे विधेयक याच्यासोबतच मंजूर झाले पाहिजे, अन्यथा ते मागे पडेल. ही भूमिका पटो वा न पटो, ‘पायाभूत सुविधांना विरोध’ या तीन शब्दांच्या नोंदीत ती बसत नाही. म्हणून मोठ्या मताच्या बाबतीत त्या दिवशीचे निवेदन वाचावे, आणि मत विधेयकावर होते की केवळ कामकाजाच्या प्रस्तावावर, तेही पाहावे.

तक्ता तारखांसह भरावा

आडव्या ओळींत प्रश्न आणि उभ्या रकान्यांत उमेदवार असा साधा तक्ता पुरतो. प्रत्येक चौकटीत उमेदवाराचे म्हणणे शक्यतो त्याच्याच शब्दांत, पुराव्याचा प्रकार आणि तारीख लिहावी. उत्तर सापडले नाही, तर चौकट रिकामी ठेवावी. अंदाजाने भरू नये. एखाद्याच्या रकान्यात रिकाम्या चौकटी वाढत गेल्या, तर तीही माहितीच आहे.

भूमिका बदलली असेल, तेव्हा तारीख विशेष कामास येते. ठाणेदार राज्याच्या विधिमंडळात असताना २०२१ मध्ये इस्रायलची अमेरिकी मदत थांबवावी अशा आशयाच्या ठरावाचे सहप्रायोजक होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासच्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कमध्ये झालेल्या एका मेळाव्यावरून त्यांनी डेमोक्रॅटिक सोशालिस्ट्स ऑफ अमेरिका ही डावी संघटना सोडली आणि ते इस्रायलचे समर्थक म्हणून ओळखले जाऊ लागले. दोन्ही नोंदी त्याच चौकटीत, एकीखाली एक लिहाव्यात. बदल प्रामाणिक की सोयीचा, हे ठरवण्यापूर्वी उमेदवाराने त्याचे कारण जाहीरपणे दिले का आणि नंतरची मते त्याच्याशी जुळतात का, ते पाहावे. भूमिका बदलणे हाच दोष मानला, तर विचार करणारा एकही उमेदवार उरणार नाही.

येथेच मराठीपणाचा प्रश्न उपस्थित होतो. आपल्या मुलखातला माणूस अमेरिकी काँग्रेसमध्ये जातो याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे आणि तो लपवण्याची गरज नाही. परंतु अभिमान म्हणजे उमेदवाराची भूमिका नव्हे. तक्त्यात त्याला हवे तर स्वतंत्र ओळ द्यावी, म्हणजे त्याचे वजन इतर ओळींत नकळत मिसळणार नाही. दुसऱ्या बाजूलाही अशीच एक ओळ होती. १९५५ पासून सलग कृष्णवर्णीय प्रतिनिधी असलेल्या डेट्रॉइटला २०२३ मध्ये प्रथमच तसा एकही प्रतिनिधी उरला नाही. तेथील अनेक मतदारांना ही बाब महत्त्वाची वाटली, आणि तसे वाटण्याचा त्यांनाही तितकाच अधिकार होता.

पैसा कोठून येतो, ते शेवटी तपासावे

संघीय निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर उमेदवारांचे जमाखर्च दिसतात. ज्याची एकूण देणगी २०० डॉलरहून अधिक आहे, अशा दात्याचे नाव आणि नोकरी-व्यवसाय तेथे नोंदलेला असतो. ठाणेदारांनी २०२२ मध्ये कित्येक दशलक्ष डॉलर स्वतःच्या खिशातून प्रचारात घातले, तर हॉलियर यांच्या बाजूने ‘युनायटेड डेमॉक्रसी प्रोजेक्ट’ या इस्रायल-समर्थक गटाने ४० लाखांहून अधिक डॉलर बाहेरून खर्च केले. या गटाच्या त्या वर्षीच्या जाहिरातींत इस्रायलचा विषय सहसा येतच नसे. पैसा एका प्रश्नासाठी येतो आणि जाहिरात दुसऱ्याच विषयावर असते, ही बाब केवळ जाहिरात पाहून कळणारी नाही.

मतदानापूर्वीच्या शेवटच्या वीस दिवसांत बाहेरच्या गटांनी केलेल्या १,००० डॉलर वा त्याहून अधिक खर्चाची माहिती २४ तासांच्या आत द्यावी लागते. मिशिगनमध्ये टपाली मतपत्रिका मतदानाच्या ४० दिवस आधीपासून मिळते, त्यामुळे ती हाती येताच भरून पाठवणाऱ्याला हा शेवटचा टप्पा दिसत नाही. रिकाम्या चौकटींची उत्तरे उमेदवाराच्या प्रचार कार्यालयाकडे लेखी मागावीत; विद्यमान सदस्याच्या सरकारी कार्यालयाला प्रचाराचे काम करता येत नाही, म्हणून निवडणुकीचा प्रश्न तेथे पाठवू नये. उत्तरासाठी आठवडाभर वाट पाहावी, तक्ता पुन्हा एकदा चाळावा आणि मगच मतपत्रिका भरावी. पाठवलेली टपाली मतपत्रिकासुद्धा मिशिगनमध्ये ठरावीक मुदतीपर्यंत आपल्या शहराच्या किंवा टाउनशिपच्या क्लार्कच्या कार्यालयात लेखी कळवून रद्द करता येते आणि नवी मागता येते.