क्रूझवर संध्याकाळचे कपडे: या चुका टाळा

सिंगापूरहून क्रूझला पहिल्यांदा गेले, तेव्हा दर रात्रीसाठी वेगळी साडी आणि तिच्यावरचा ब्लाउज-परकर भरला होता. लग्नघरी निघाल्यासारखं! केबिनचं कपाट मात्र हातभर रुंद.

म्हणून किती रात्री आहेत ते मोजून कपडे भरू नका, एका रंगावर बेत करा. आता एक काळा ब्लाउज आणि एक काळा परकर माझ्या शिफॉन, क्रेप आणि नारायणपेठी अशा तिन्ही साड्यांना पुरतो. वर एक काळी सैल पँट आणि रेशमी कुर्ता. सात रात्रींच्या सफरीत फॉर्मल रात्री, म्हणजे जेवणाला ठेवणीतले कपडे घालायच्या रात्री, बहुधा दोनच असतात. त्यांना बऱ्याच जहाजांवर आपला भारतीय पोशाख चालतो. पुरुषांनी एक बंदगळा न्यावा, त्यासाठी नवा सूट शिवायची गरज नाही. हाफ पँटवर मात्र रात्री मुख्य डायनिंग हॉलमध्ये सहसा घेत नाहीत.

पैठणी घरीच राहू द्या. खाऱ्या, दमट हवेत जरीचे काठ काळवंडतात, आणि डेकवरच्या वाऱ्यात सुटा पदर आवरता आवरत नाही. पदराच्या निऱ्या घालून खांद्याला पिन लावा, दुसरी कमरेशी. टोकदार हील हलत्या जहाजावर धोक्याची, कोल्हापुरी ओल्या डेकवर घसरते. शाल हवीच, आत एसी फार गार असतो.

इस्त्री नेऊ नका. आगीच्या भीतीने बहुतेक जहाजांवर तिला बंदी असते, कपड्यांना वाफ देणाऱ्या स्टीमरलाही. माझी तपासणीतच काढून घेतली, उतरताना परत मिळाली. साडी चुरगळली तर गरम पाण्याने आंघोळ करताना ती बाथरूममध्ये हँगरवर टांगा आणि दार लावून घ्या. मग निऱ्यांवरून हात फिरवला की क्रेप सरळ होते. कलफाच्या सुती साडीला हा उपाय करू नका, ती आणखी मलूल पडते.

मोठ्या बॅगा बंदरावरच ताब्यात घेतात. त्या केबिनशी यायला संध्याकाळ होते, कधी जेवणाची वेळही टळते. पहिल्या रात्रीचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. शेवटच्या रात्री त्याच बॅगा उचलून नेण्यासाठी दाराबाहेर ठेवायच्या असतात. आमच्या शेजारच्या केबिनमधल्या काकूंनी तेव्हा सकाळचे कपडेही त्यात भरून टाकले. पहाटे त्या गाउनवरच आमचं दार वाजवायला आल्या. माझ्या पिशवीत एक जादा कुर्ता आणि ती काळी पँट होती, म्हणून निभावलं.