हॅम-चीज स्लायडर : लादी न तोडता एका ट्रेमध्ये बारा

हॅम-चीज स्लायडर बिघडतात ते बहुतेक वेळा तळाशी. वरून पाव छान तांबूस झालेला असतो, कडेने चीज ओघळत असतं, पण उचलायला जावं तर खालचा भाग ओला लगदा होऊन ट्रेलाच चिकटलेला. न्यू जर्सीला आल्यावर माझे स्लायडर बरेच दिवस असेच होत होते. ट्रे गरम असताना मुलं गप्प खायची, पण दहा मिनिटांनी उरलेल्यांकडे कुणी पाहायचं नाही. म्हणून इथे कृती सांगताना तळाची काळजी पुन्हा पुन्हा येईल.

स्लायडर म्हणजे दोन-तीन घासांत संपणारं छोटं सँडविच. हे नाव मुळात छोट्या बर्गरचं. कॅन्ससमधल्या विचिटा शहरात १९२१ साली सुरू झालेल्या व्हाइट कॅसलमधले चौकोनी, कांद्यावर शिजवलेले बर्गर त्यासाठी प्रसिद्ध आहेत. हॅम म्हणजे खारवलेलं डुकराचं मांस; त्याचा आणि चीजचा हा भाजलेला प्रकार मात्र घरगुती. सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या रविवारी तो होतो, ईस्टरचा हॅम उरला की दुसऱ्या दिवशी होतो. अमेरिकेच्या दक्षिण भागात कुणाच्या घरी मृत्यू झाला की शेजारी असा ट्रे भरून नेऊन देतात, म्हणून तिकडे याला ‘फ्यूनरल सँडविच’ असंही म्हणतात. एका ट्रेमध्ये बारा जणांची सोय होते आणि खाताना ताटवाटीही लागत नाही.

यासाठी जे पाव वापरतात ते आपल्याला परके वाटू नयेत. १८७८ पासून मदिरा आणि अझोर्स बेटांवरचे पोर्तुगीज मजूर हवाईतल्या उसाच्या मळ्यांवर आले. येताना त्यांनी दूध, अंडी, साखर घातलेला गोडसर पाव आणला. पुढे १९५० साली हिलो गावात रॉबर्ट तायरा या जपानी वंशाच्या बेकरने बेकरी काढली. तिचीच पुढे ‘किंग्ज हवाइयन’ झाली, आणि तिचे बारा जोडपाव आता अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक सुपरमार्केटात मिळतात. आपला ‘पाव’ हा शब्दही पोर्तुगीजच. गोव्यातले पोदेर, म्हणजे पाववाले, आणि हवाईतल्या मळ्यांवरच्या दगडी भट्ट्या, दोन्हींकडे पाव त्याच लोकांकडून आला. त्यामुळे या बारा जोडपावांना मी सरळ लादीच म्हणते, आणि ती लादी तोडायची नाही हा या कृतीतला पहिला नियम.

काय काय लागेल

बारा पावांची एक लादी. पातळ कापलेला हॅम साधारण २५० ते ३०० ग्रॅम. डेली काउंटरवर, म्हणजे सुपरमार्केटात मांस-चीज कापून देतात तिथे घेत असाल तर अर्ध्या पाउंडाहून थोडा जास्त मागा आणि अगदी पातळ कापून द्यायला सांगा. जाड काप चावताना अख्खा बाहेर ओढला जातो आणि हातात नुसता पाव राहतो. स्विस चीजच्या आठ-नऊ स्लाइस. बिनमिठाचं बटर ६० ग्रॅम, म्हणजे इथल्या कांडीची अर्धी कांडी. हॅम मुळातच खारट असल्यामुळे मिठाचं बटर नको. डिजाँ मस्टर्ड (फ्रेंच पद्धतीची मोहरीची पेस्ट) दोन चमचे, वूस्टरशर सॉस (आंबट-खारट काळसर सॉस) एक चमचा, कांद्याची पावडर अर्धा चमचा, खसखस दीड चमचा. हे सगळे चहाचे चमचे.

बऱ्याच कृतींमध्ये एवढ्याच पावांवर बटरची अख्खी कांडी ओततात. चव येते हे खरं, पण ते बटर कडेने खाली उतरून तळाशी साचतं. अर्ध्या कांडीत चवीला काहीही कमी पडत नाही.

खसखस इथे निळसर-काळी मिळते, आपली पांढरी तितकीच चालते. दुबई-अबुधाबीत राहणाऱ्यांनी मात्र ती घालू नये, संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. तिथे तीळ वापरा.

लादी कापणं आणि तळ शेकणं

ओव्हन ३५० फॅरनहाइटला, म्हणजे साधारण १७५ सेल्सियसला तापत ठेवा. लादी पाटावर ठेवा, डावा तळवा वर हलका टेकवा आणि लांब दातेरी सुरीने आडवी कापा. सुरी दाबू नका, करवतीसारखी पुढे-मागे चालवा. खालचा भाग वरच्यापेक्षा किंचित जाड राहू द्या, सगळा भार त्यालाच पेलायचा आहे. पाव अगदी ताजा असेल तर लादी पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून मग कापा, चुरा कमी पडतो.

आता खालचा अर्धा भाग, कापलेली बाजू वर करून, नुसताच ओव्हनमध्ये चार-पाच मिनिटं ठेवा. रंग यायला नको, फक्त पृष्ठभाग कोरडा आणि हाताला थोडा खरखरीत लागला पाहिजे. ही पायरी कितीही घाई असली तरी गाळू नका.

ट्रे धातूचा घ्या. काचेचं भांडं उशिरा तापतं, तोवर वरून रस उतरायला लागतो. आकार लादीपेक्षा थोडाच मोठा असावा. तळाला बटर लावण्याऐवजी बेकिंग पेपर घाला आणि त्याची दोन टोकं बाहेर राहू द्या, नंतर अख्खी लादी उचलायला ती उपयोगी पडतात.

रचणं

पाकिटातला हॅम ओलसर असतो. त्याचे काप पेपर टॉवेलवर पसरून वरून टिपून घ्या.

शेकलेल्या पावावर आधी चीजचा थर. वितळलेलं चीज तळाच्या पावावर एक आवरण घालतं आणि हॅमचा रस खाली झिरपू देत नाही. त्यावर हॅम, पण सपाट न ठेवता ओढणीच्या चुण्यांसारखा दुमडून. मध्ये हवा राहते, उष्णता आतपर्यंत पोचते आणि खातानाही मऊ लागतो. त्यावर पुन्हा चीज, म्हणजे वरचा पाव नीट चिकटतो. मस्टर्डपैकी एक चमचा वरच्या पावाच्या आतल्या बाजूला पातळ फासा, खालच्या पावाला अजिबात लावू नका. मग वरचा भाग झाकून तळव्याने हलकं दाबा.

चीजबद्दल थोडं. अमेरिकेत स्विस म्हणून मिळणारं भोकांचं चीज हे एमेंटाल या स्वित्झर्लंडच्या चीजच्या जातीचं. ते किंचित गोडसर, बदामासारखं लागतं आणि गोड पावाशी त्याचं छान जुळतं. प्रोव्होलोन हे इटालियन चीजही चालतं. जुनं मुरलेलं चेडर मात्र गरम झाल्यावर तेल सोडतं. मुलांना चेडरच हवं असेल तर कमी मुरलेलं घ्या आणि ते फक्त वरच्या थरात घाला.

वरचं बटर आणि भाजणं

बटर वितळवून त्यात उरलेलं मस्टर्ड, वूस्टरशर, कांद्याची पावडर आणि खसखस ढवळा. ब्रशने पावांवर लावा. खसखस तळाशी बसते, म्हणून प्रत्येक वेळी ढवळून घ्या. पावांच्या मधल्या खाचांमध्ये ब्रश फिरवा, पण वाटी उपडी करू नका.

वरून अल्युमिनियम फॉइल तंबूसारखी सैल झाका, पावाला टेकू देऊ नका. पावात साखर आणि दूध असल्याने तो लवकर करपतो आणि चीज वितळायच्या आत वरून काळा होतो. झाकून बारा ते पंधरा मिनिटं, मग फॉइल काढून आणखी पाच ते सात मिनिटं. शेवटची दोन मिनिटं ओव्हनसमोरच उभं राहा. फॉइलखाली जास्त वेळ ठेवलं तर वाफेने पाव चिवट होतो, म्हणून पंधरा मिनिटांपुढे नको.

हॅम आधीच शिजवलेला असतो, आपण तो फक्त गरम करतो. घरात कुणी गरोदर असेल तर मात्र एवढ्यावर थांबू नका. कापलेल्या थंड मांसात लिस्टेरिया हा जीवाणू असू शकतो, त्यामुळे मधल्या स्लायडरच्या पोटात थर्मामीटर खुपसून १६५ फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सियस झालंय याची खात्री करा. कमी भरलं तर पुन्हा झाकून ठेवा.

बाहेर काढल्यावर तीन मिनिटं थांबा. मग पेपरची टोकं धरून लादी उचला आणि जाळीवर ठेवा. गरम ट्रेमध्येच राहू दिली तर खालची वाफ पाण्यात बदलते आणि इतका वेळ घेतलेली सगळी काळजी वाया जाते. कापायची ती आता, पावांच्या खाचांवरून, सुरी सरळ खाली दाबून. काकडीचं व्हिनेगरमधलं लोणचं बाजूला द्या, आत घालू नका, तेही पाणी सोडतं.

जे हॅम खात नाहीत त्यांच्यासाठी

आमच्याकडे सासूबाई येतात तेव्हा दुसरा ट्रे होतो, आणि तो खरोखर दुसराच ट्रे असतो. एकाच लादीचा अर्धा भाग वेगळा केला तरी हॅमची चरबी वितळून पलीकडे जाते. डुकराचं मांस नको असलेल्यांना स्मोक्ड टर्की किंवा चिकनचे काप घालून द्या. शाकाहारी ट्रेसाठी मशरूम बारीक कापून मोठ्या आचेवर, त्यांचं पाणी पूर्ण आटेपर्यंत परता. वूस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही नावाचे मासे असतात हे पुष्कळांना ठाऊक नसतं. तो या ट्रेमध्ये घालू नका, चिंचेचा थोडा कोळ आणि चिमूटभर मीठ घाला. पाकिटावर पावातलं अंडं आणि चीजमधलं रेनेटही (दूध विरजवायला वापरतात ते द्रव्य, ते बऱ्याचदा वासराच्या पोटातलं असतं) पाहून घ्या.

पुण्या-मुंबईत करायचं असेल तर रोजची पावाची लादी घ्या. ती गोड नसते, म्हणून बटरमध्ये एक चमचा मध घाला. स्विसऐवजी प्रोसेस्ड चीजच्या स्लाइस चालतात, त्या सारख्या वितळतात आणि तेल सोडत नाहीत. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर, अगदी मंद आचेवर झाकण ठेवून आठ-दहा मिनिटं ठेवा. वरून रंग येणार नाही, पण तळ मात्र ओव्हनपेक्षाही खुसखुशीत होतो.

आदल्या रात्री

पाहुणे यायचे असतील तर रचून, घट्ट गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. मस्टर्ड आतून लावू नका आणि बटर ओव्हनमध्ये घालायच्या क्षणीच लावा. थंड लादीला झाकून पाच मिनिटं जास्त लागतात. टेबलावर दोन तासांपेक्षा जास्त वेळ राहू देऊ नका. उरलेले फ्रिजमध्ये तीन दिवस राहतात. गरम करताना मायक्रोवेव्ह टाळा, त्यात पाव चामड्यासारखा होतो. ३२५ फॅरनहाइटच्या ओव्हनमध्ये फॉइलखाली दहा मिनिटं आणि उघडे दोन मिनिटं ठेवले, की सोमवारच्या डब्यात द्यायला चालतात.