नोकरी लवकर सोडायचीय? नोटीस देण्याआधी हे आवरा

मी एकदा नोकरी सोडून पुन्हा नोकरीत गेलेला माणूस आहे. २०१८ च्या मार्चअखेरीस, वयाच्या ४७ व्या वर्षी, चाकणच्या एका कारखान्याच्या खरेदी विभागातून राजीनामा देऊन बाहेर पडलो. घराचं कर्ज फिटलं होतं, मुलीच्या शिक्षणाचे पैसे बाजूला होते, महिन्याचा खर्च कुठून निघणार याचा हिशेब दोनदा तपासला होता. एकच गोष्ट राहिली, आणि तिच्यापायी दीड वर्षाने कमी पगारावर दुसरीकडे रुजू व्हावं लागलं. स्वतःचा मेडिक्लेम. दुसऱ्यांदा सोडली ती २०२४ मध्ये, नीट तयारी करून. हल्ली ओळखीतले तिघे-चौघे पन्नाशीच्या आत मोकळं व्हायचं म्हणतात, तासन् तास म्युच्युअल फंडांवर बोलतात, आणि मेडिक्लेम विचारला की ‘कंपनीचा आहे ना’ म्हणतात. म्हणून हे लिहितोय.

कंपनीचा आहे म्हणजे कंपनीत आहात तोवरच आहे. माझ्या पाकिटात कार्ड होतं, त्यावर मुदत छापली होती सप्टेंबर २०१८ पर्यंतची. मला वाटलं सहा महिने हातात आहेत, सावकाश बघू. ऑगस्टमध्ये एका रात्री बायकोच्या पोटात कळ आली. पित्ताशयातला खडा नळीत अडकला होता. रात्री अकराला हॉस्पिटलच्या खिडकीवर मी ते कार्ड सरकवलं. समोरच्या मुलीने नंबर टाकला, पुन्हा टाकला, मग स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाली, “सर, तुमचं नाव ३१ मार्चलाच काढलंय. डिपॉझिट कॅश भरणार की कार्डने?” नऊ दिवसांचं बिल ४ लाख १२ हजार झालं. एफडी मोडून भरलं. पण खरा फटका त्यानंतर बसला. नवीन पॉलिसी घ्यायला गेलो तर तपासणीत माझी शुगर निघाली. एका कंपनीने सरळ नकार दिला, दुसरीने शुगरसाठी चार वर्षांचा वेटिंग पिरियड सांगितला, म्हणजे तेवढी वर्षं शुगरपायी झालेला खर्च मिळणार नाही. उघड्यावर चार वर्षं काढायची हिंमत झाली नाही. कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसीत आधीचे आजार बहुतेक पहिल्या दिवसापासून धरतात, म्हणून पुन्हा नोकरी शोधली.

तर यादीतलं पहिलं काम हे, आणि ते नोटीशीच्या आधी तीन वर्षं सुरू होतं. कंपनीचा मेडिक्लेम चालू असतानाच स्वतःच्या पैशाने घरच्यांसाठी वेगळी पॉलिसी घ्या. दोन-दोन हप्ते कशाला, असं घरातलं कोणीतरी म्हणेलच. कशाला ते सांगतो. नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, पित्ताशयातले खडे, गुडघेबदल असल्या ठरावीक गोष्टींना साधारण दोन वर्षं थांबावं लागतं. शुगर-बीपीसारख्या आधीपासूनच्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षं; २०२४ पर्यंत ही मर्यादा चार वर्षांची होती. हा सगळा काळ कंपनीच्या छत्राखाली काढायचा, म्हणजे नोकरी सुटते त्या दिवशी तुमची स्वतःची पॉलिसी पूर्ण कामाला लागलेली असते. दुसऱ्या नोकरीत रुजू झाल्या-झाल्या मी हेच केलं आणि चार वर्षं उलटल्यावरच राजीनाम्याचा विषय काढला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेलाय, तेव्हा तीही सबब उरलेली नाही.

फॉर्म भरताना काही लपवू नका. एजंट म्हणेल, “बीपीची गोळी अर्धीच घेता ना, मग नाही लिहिलं तरी चालतं.” चालत नाही. सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय कंपनीला जुन्या आजाराचं कारण काढून दावा फेटाळता येत नाही, पण पहिल्या पाच वर्षांत तुमचा जुना केसपेपर कोण कुठून काढेल सांगता येत नाही. अर्ध्या गोळीसकट सगळं लिहा.

तीन वर्षं थांबायला वेळच नाही? मग निदान एवढं करा. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, आणि ग्रुपमध्ये काढलेली वर्षं वेटिंग पिरियडमधून वजा होतात. मात्र विमा कंपनी तुमची तब्येत बघून ठरवते, ‘हो’ म्हणेलच असं नाही. म्हणून एचआरकडून विमा कंपनीचं नाव, पॉलिसी नंबर, तुम्ही किती वर्षं कव्हर होता आणि किती रकमेला, हे सगळं लेखी घ्या आणि नोटीस देण्याच्या दोन महिने आधी अर्ज टाका. आधी. शेवटच्या आठवड्यात विचारलं तर एचआरची मुलगी गोड हसून “बघते सर” म्हणेल आणि तुमची तारीख उलटून जाईल. आई-वडील कंपनीच्या पॉलिसीत असतील तर त्यांचाही अर्ज याच वेळी. सत्तरीच्या पुढच्या माणसाला नव्याने पॉलिसी घ्यायची तर हप्ता डोळे पांढरे करणारा येतो. तो परवडत नसेल तर त्यांच्या नावाने वेगळी एफडी ठेवा आणि तिला दुसऱ्या कशासाठीही हात लावू नका.

आता पैसे. खर्चाचा आकडा मनाने धरू नका, बारा महिने वहीत लिहा. बाराच महिने, कारण गणपती, दिवाळी, लग्नसराईतले आहेर, गाडीचा विमा, सोसायटीचा मेंटेनन्स हे सगळं तीन महिन्यांच्या हिशेबात येत नाही. त्यात दर पाच-सहा वर्षांनी येणारा रंग, फ्रिज, मोबाइल यांचा वार्षिक वाटा मिळवा. मेडिक्लेमचा हप्ताही मिळवा, आणि तो वयाबरोबर वाढत जाणार हे धरूनच. वर्षाच्या खर्चाच्या २५ पट जमले की सुटलो, हे गणित अमेरिकेतलं आहे, तिथल्या महागाईवर आणि ३० वर्षांच्या निवृत्तीवर बेतलेलं. पन्नाशीच्या आत सुटणाऱ्याला ४० वर्षं काढायची असतात आणि आपली महागाई तिथल्यासारखी नाही. मी ३५ पटीखाली हललो नाही. राहतं घर त्यात धरू नका, बायकोचे दागिनेही नकोत. पहिल्या तीन वर्षांचा खर्च शेअर बाजाराच्या बाहेर, एफडीत किंवा लिक्विड फंडात (अगदी कमी मुदतीच्या रोख्यांतला म्युच्युअल फंड) ठेवा. सिनियर सिटिझन योजनेवर आशा ठेवू नका, ती साधारणपणे ६० व्या वर्षी उघडते; स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांनाही ५५ च्या आधी नाही. पोस्टाच्या मासिक योजनेत एका नावावर ९ लाख आणि जोडीने १५ लाखांपर्यंतच ठेवता येतात.

टर्म इन्शुरन्स (माणूस गेला तरच घरच्यांना रक्कम देणारा आयुर्विमा) लागणार असेल, म्हणजे मुलं लहान असतील किंवा कर्ज बाकी असेल, तर पगाराची स्लिप हातात असतानाच घ्या. कंपनीचं आयुर्विम्याचं कव्हरही शेवटच्या दिवशी जातं. क्रेडिट कार्डही आत्ताच घ्या आणि त्याची मर्यादाही आत्ताच वाढवून ठेवा. घरावर टॉप-अप कर्जाचा विचार असेल तर तोही आत्ताच. पगार थांबला की बँकेच्या लेखी तुम्ही कोणी नसता. सॅलरी अकाउंटवर पगार येणं बंद झालं की ते साधं खातं होतं आणि मिनिमम बॅलन्सचा नियम लागू होतो, हे ध्यानात असू द्या.

पीएफचं काम वाटतं त्याहून किचकट असतं. आधारवरचं नाव आणि पीएफमधलं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का बघा; माझ्या वडिलांच्या नावात एक ‘ए’ जास्त होता, तेवढ्यासाठी दोन महिने गेले. जुन्या नोकऱ्यांचे सगळे खाते क्रमांक एकाच यूएएनखाली, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणाऱ्या पीएफच्या नंबरखाली, आणा. नॉमिनी ऑनलाइन भरा. यूएएनला कंपनीचा मोबाइल नंबर जोडला असेल तर बदला, नाहीतर सिमकार्ड परत केलं की ओटीपी तुमच्या जागी आलेल्या माणसाला जाईल. सोडल्यावर पीएफ पोर्टलवर बाहेर पडल्याची तारीख चढलीय का पाहा. कंपनीने टाळाटाळ केली तर शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतःलाही भरता येते. पैसे लगेच काढायची घाई नको, व्याज सुरू राहतं. पण नोकरी सुटल्यानंतरच्या त्या व्याजावर कर लागतो, तो हिशेबात धरा.

ईपीएसच्या, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेच्या, पेन्शनवर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी थोडं गणित. पगार कितीही असो, बहुतेकांचा हिशेब जास्तीत जास्त १५,००० वर होतो, त्याला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि ७० ने भागायचं. २१ वर्षांचे महिन्याला पाच हजारही होत नाहीत. तेही ५८ व्या वर्षी. पन्नाशीनंतर आधी घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षं कमी, तितक्या वर्षांचे दरवर्षी ४ टक्के कापले जातात. दहा वर्षं भरली नसतील तर पेन्शनच नाही.

ग्रॅच्युइटीसाठी शेवटची तारीख नीट निवडा. शेवटचं वेतन, म्हणजे मुख्यतः बेसिक आणि डीए, त्याला १५ ने गुणून २६ ने भागायचं, मग पूर्ण वर्षांनी गुणायचं. आणि सहा महिन्यांहून जास्त भरलेला तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो. १८ वर्षं पाच महिन्यांवर राजीनामा देणारा माणूस दोन महिन्यांसाठी एक अख्खं वर्ष घालवतो. मी पहिल्यांदा ते बरोबर केलं होतं, बघा, सगळं असलं बरोबर केलं होतं. २० लाखांपर्यंत ग्रॅच्युइटीवर कर नाही. साठलेल्या रजेच्या पैशावर खासगी नोकरीत २५ लाखांपर्यंत करमाफी आहे, एप्रिल २०२३ च्या आधी ती ३ लाखच होती. वार्षिक बोनस कोणत्या महिन्यात खात्यात जमा होतो ते बघून त्यानंतरच नोटीस द्या, त्याआधी चहाच्या टपरीवर बोलूसुद्धा नका. आणि जमलं तर शेवटचा दिवस एप्रिलमध्ये ठेवा. बरीचशी रक्कम त्या वर्षात येते ज्यात तुमचा पगार जवळजवळ नसतो.

आता नोटीस. अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा: दोन महिने की तीन, शिल्लक रजा नोटीशीत धरतात की नाही, बाँड आहे का. पण थांबा. स्वतःची पॉलिसी सुरू झाली? वेटिंग पिरियड संपल्याची तारीख पॉलिसीच्या कागदावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली? नसेल तर राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्येच राहू दे. एजंटच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नका.

घरी आधीच सगळं बोललेलं असायला हवं. बायकोशीच नव्हे, आई-वडिलांशीही. माझ्या आईला शेजारणीकडून कळलं होतं आणि ती दोन दिवस जेवली नव्हती.

साहेबांना आधी समोर जाऊन सांगा, मग त्याच दिवशी मेल. मेल चार ओळींचा. कारणं, तक्रारी, कोणी काय केलं, काही लिहू नका. तारीख स्पष्ट लिहा आणि स्वीकारल्याचं उत्तर लेखी मागा. पगारवाढ देऊन थांबवायला बघतील. थांबायचं नसेल तर पहिल्याच बैठकीत नाही म्हणा.

नोटीशीच्या काळात: लॅपटॉप जायच्या आधी पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, पीएफ पासबुक स्वतःकडे उतरवून घ्या. डीमॅट, बँक, म्युच्युअल फंड, सगळीकडे ऑफिसचा ईमेल असेल तर बदला. हँडओव्हर लेखी, सही घेऊन. रिलिव्हिंग लेटर, एक्सपिरियन्स लेटर. फुल अँड फायनलचा हिशेब ओळीने तपासा, रजांचे दिवस मोजा. ग्रॅच्युइटीचा अर्ज स्वतः द्या, ३० दिवसांत पैसे यायला हवेत. सेंड-ऑफचं काय ते लोक बघतील.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी एक फोन. घराजवळच्या ज्या हॉस्पिटलात तुम्ही खरोखर जाल, तिथल्या मेडिक्लेमच्या खिडकीला तुमच्या स्वतःच्या पॉलिसीचा नंबर सांगा आणि विचारा, कॅशलेस (बिल परस्पर विमा कंपनीने भरायची सोय) चालतं का, सगळ्यांची नावं दिसतायत का. मी २०२४ ला केला होता. पलीकडच्या माणसाने आमची तिन्ही नावं वाचून दाखवली, आणि मग मी कंपनीचं जुनं कार्ड पाकिटातून काढून कात्रीने कापलं.