अवघड समुद्रफुलं पाळताय? या चुका टाळा

बबल टिप जातीचं ॲनिमोन, म्हणजे समुद्रफूल, खाऱ्या पाण्याच्या टाकीत नीट रुळलं की पुढची नजर मॅग्निफिका, नाहीतर कार्पेट या अवघड जातींवर जाते. ते मेलं की दोष पाण्याला दिला जातो. माझं मत वेगळं आहे. यातली बरीचशी समुद्रफुलं दुकानातून निघतानाच अर्धमेली असतात आणि उरलेली आपल्या उतावळेपणाने जातात.

पांढरं, देखणं आणि उपाशी

पांढरंशुभ्र शरीर आणि जांभळी टोकं असलेलं ॲनिमोन दुकानात सगळ्यात उठून दिसतं. खरं तर ते उपाशी असतं. त्याच्या पेशींत राहणारं एकपेशीय शैवाल प्रकाशावर अन्न तयार करतं, आणि त्या शैवालामुळेच त्याला तपकिरी, हिरवट किंवा मातकट छटा येते. शैवाल गेलं की रंगही जातो. अंगभर सारखा पिवळाजर्द किंवा भडक गुलाबी रंग दिसला, तर तो बाहेरून चढवलेला असण्याची शंका घ्या.

रंगापेक्षा तोंड आणि पाय बघा. तोंड घट्ट मिटलेलं हवं. पाय काचेला किंवा दगडाला चिकटलेला हवा, आणि त्यावर चीर नको. विक्रेता ते खरवडून काढत असेल तर सरळ नाही म्हणा, कारण फाटलेल्या पायातून जंतुसंसर्ग होतो. आल्यापासून दुकानातच आठ-दहा दिवस नीट फुललेलं ॲनिमोन घेणं सगळ्यात बरं.

आक्रसलं की घाबरणं

ॲनिमोन अधूनमधून अंगातलं पाणी सोडून लिबलिबीत गोळा होतं, तोंडातून तपकिरी चिकट मळ टाकतं आणि काही तासांत पुन्हा फुलतं. हे रोजच्या व्यवहारातलं आहे. तेवढ्यावरून त्याला हलवू नका, औषध टाकू नका, बोटाने डिवचूनही बघू नका.

काळजी करायची ती वेगळ्या लक्षणांची: रोज फुगणं-आक्रसणं, तेही दिवसेंदिवस वाढत जाणारं, तोंड सैल आणि उघडं, तोंडाभोवतीची बोटांसारखी शुंडकं कशालाच न चिकटणारी. नव्याने आलेल्या मॅग्निफिका आणि जायगँटिया कार्पेटमध्ये याचं कारण बहुधा जिवाणूंचा संसर्ग असतो. मुरलेले हौशी अशा वेळी ते वेगळ्या टाकीत ठेवून सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक देतात. साधारण आठवडाभर, रोज बरंचसं पाणी बदलून, आणि दिवे मालवल्यावर, कारण हे औषध उजेडात निकामी होतं. प्रमाण मात्र जलचरांच्या जाणकार पशुवैद्याला विचारूनच ठरवा. मुख्य टाकीत हे औषध कधीच नको. पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणूही त्याने मरतात. तांब्याचं औषध तर ॲनिमोनला सरळ विषच.

सगळ्यांना एकच जागा

हॅडोनी कार्पेटला जाड वाळू लागते, क्रिस्पा जातीलाही पाय वाळूत खुपसायचा असतो. मॅग्निफिका दगडाच्या उंच टोकावर, जोरदार प्रवाहात आणि भरपूर उजेडात बसतं. मनासारखं मिळालं नाही की ते चालायला लागतं, वाटेतल्या प्रवाळांना डंख मारतं आणि शेवटी पंपात ओढलं जातं. म्हणून ॲनिमोन आणण्याआधीच प्रत्येक पंपाला आणि ओव्हरफ्लोला (टाकीतलं पाणी बाहेर पडण्याच्या वाटेला) जाळी किंवा फोम लावा. ते एकदा बसलं की जागा त्याची. मग तुमची सजावट बिघडली तरी चालेल.

नवी टाकी

टाकी सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत ॲनिमोन नकोच, वर्ष झालं असेल तर उत्तम. पाण्याचा खारेपणा ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मीठ) आसपास, तापमान २५ ते २७ अंश. आकडा अचूक असण्यापेक्षा तो स्थिर असणं महत्त्वाचं. बाष्पीभवनाची भर आरओच्या गोड्या पाण्याने, शक्यतो आपोआप होऊ द्या. दिव्याची तीव्रता हळूहळू वाढवा.

खाऊ घालण्याची घाई

पहिले काही दिवस काहीच देऊ नका. नंतर आठवड्यातून एक-दोनदा कोळंबीचा किंवा माशाचा तुकडा, तोही तोंडापेक्षा लहान. न पचलेला गोळा बाहेर आला तर तुकडा मोठा झाला असं समजा. ॲनिमोनमध्ये राहणारा क्लाउनफिश मासा मायेने अंग घासतो खरा, पण आजारी ॲनिमोनला ती मायाच जाच होते. ते सावरेपर्यंत माशाला दूर ठेवा. हॅडोनी असेल तर बाकीच्या माशांचा भरवसा धरू नका, ते मासे सहज गिळतं.

"वय झालं होतं"

ही सबब चालत नाही. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून १८२८ मध्ये आणलेलं एक साधं समुद्रफूल माणसांच्या देखभालीत १८८७ पर्यंत जगलं होतं.

मेल्यावर मात्र वाट बघू नका. अंग विरघळायला लागलं, कुजका वास आला, की लगेच बाहेर काढा. मोठं कार्पेट काही तासांत टाकीतला अमोनिया इतका चढवतं की मासेही जातात. त्याच दिवशी मोठा पाणीबदल करा, पाणी गाळायचा ताजा कार्बन घाला आणि अमोनिया तपासत राहा.