डेडलिफ्टला हिसका मारू नका

गेली अठरा वर्षं मी कोल्हापुरात पोरांना डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा वजनाचा बार हात सरळ ठेवून उभं राहीपर्यंत उचलणं, शिकवतोय. नवा पोरगा तिसऱ्या दिवशी विचारतो, "सर, शंभर किलो कधी मारायचं?" उचलायचं कसं, हे विचारणारा वर्षातून एखादाच भेटतो. त्यामुळे त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा बघतोय, आणि त्यातल्या दोन तर डोळ्यांना खुपतात.

पहिली म्हणजे हिसका. बार धरला, कंबर वर केली आणि दिला झटका. बार आणि प्लेटच्या भोकात थोडी मोकळीक असते. बार वर ताणत नेला की ती संपते, बारीक 'टक्' असा आवाज येतो. तो ऐकल्याशिवाय वजन जमिनीवरून उचलायचं नाही, ही माझ्याकडची सक्ती. आधी हात सरळ दोरीसारखे ताणायचे, काखेमागचे स्नायू आवळायचे, पोटात श्वास भरून पोट दगडासारखं करायचं आणि मग पायांनी जमीन ढकलायची.

सहा वर्षांपूर्वी एका तालमीतला पैलवान माझ्याकडे यायचा. पंजा असा, की हात मिळवला तर बोटं सोडवून घ्यावी लागायची. पट काढायची, म्हणजे समोरच्याचा पाय धरून ओढायची, सवय अंगात मुरलेली, त्यामुळे बारलाही तो तसाच हिसका द्यायचा. कुस्तीत ते चालतं, कारण समोरचा माणूस हलतो. जमिनीवरचा बार हलत नाही, सगळा हिसका आपल्याच सांध्यांवर उलटतो. त्या दिवशी १८० किलो लावलं होतं. मिक्स ग्रिप, म्हणजे एक तळवा आपल्याकडे आणि एक पुढे; इथं उजवा तळवा पुढे आणि उजवं कोपर किंचित वाकलेलं. मी चार पावलांवर होतो, कोपर मला दिसलं होतं. "आत्ता उचलतोय बगा," म्हणाला आणि झटका दिला. ओलं फडकं फाटावं तसा आवाज आला. दंडाचा स्नायू कोपराजवळून सुटून वर गोळा झाला होता. ऑपरेशन झालं आणि जत्रांच्या मैदानांचा अख्खा हंगाम गेला. मी वेळेवर ओरडलो नाही, याचं दुःख अजून आहे. तेव्हापासून वाकलेलं कोपर दिसलं की मी सेट तिथंच थांबवतो, समोर कोणीही असो.

दुसरी चूक पकडीची. बार तळहाताच्या मधोमध धरला की वजन आल्यावर तो बोटांकडे घसरतो, कातडी चिमटली जाते आणि घट्टे फाटतात. सुरुवातीलाच बोटांच्या मुळाशी धरा. दोन्ही तळवे आपल्याकडे ठेवून जेवढं पेलतं तेवढं तसंच उचला. त्याच्या पुढं गेल्यावर हुक ग्रिप शिका: अंगठा बारला गुंडाळायचा आणि त्याच्यावर पहिली दोन बोटं आवळायची. अंगठा दुखतो, हे खरं आहे. मी पोरांना हलक्या वजनावर रोज चार-पाच सेट देतो, सवय होते. आपल्या जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचे ओंकार ओतारी, गणेश माळी आणि चंद्रकांत माळी यांनी २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगची कांस्यपदकं आणली. त्या खेळात डेडलिफ्ट नसते, पण स्नॅच (बार एका दमात डोक्यावर) आणि क्लीन (बार आधी खांद्यापर्यंत) दोन्ही जमिनीवरूनच निघतात आणि लिफ्टर बार हुक ग्रिपनंच धरतात.

मिक्स ग्रिप वापरायचीच असेल तर फक्त सर्वांत जड सेटला, हात सरळ ठेवून. स्ट्रॅप, म्हणजे मनगट बारला बांधायचे पट्टे, तर पहिल्या वर्षी माझ्या पोरांना मी बांधूच देत नाही. पकड कमजोर राहते आणि ते कळतही नाही. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत स्ट्रॅप चालत नाहीत, तिथं उघडं पडतं. हातमोजे नकोत, त्यांनी बार जाड होतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच ओली असते. बार कोरड्या फडक्यानं पुसा, हाताला चॉक, म्हणजे घाम शोषणारी पांढरी पूड, लावा. जिममध्ये पूड चालत नसेल तर लिक्विड चॉक मिळतो.

बाकीचं थोडक्यात. बार बुटाच्या लेसवर, पावलाच्या मध्यावर हवा, आणि वर येताना पायाला लागूनच आला पाहिजे. धावायचे मऊ बूट काढून ठेवा. वर पोचल्यावर मागे झुकू नका, सरळ उभं राहणं पुरेसं आहे. मान वळवून आरशात बघू नका. मिसळ खाऊन लगेच बारकडे येऊ नका.

लहान लोखंडी प्लेटांनी शिकणाऱ्यांची पाठ हमखास वाकते. मोठी प्लेट ४५ सेंटिमीटर व्यासाची, तिच्यावर बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटर उंच राहतो. दहा-दहाच्या लहान प्लेटा लावल्या की तो बराच खाली जातो. खाली लाकडी ठोकळे ठेवून उंची भरून काढा.

दुसऱ्या दिवशी मांडीचा मागचा भाग आणि नितंब भरून आले तर काळजी नको. कमरेत एका बाजूला कळ येत असेल किंवा पायात मुंग्या येत असतील तर मालिश करत बसू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि ते सांगेपर्यंत बारला हात लावू नका.