ब्लॅकबेरीच्या पानांचा काढा: या चुका टाळा

ब्लॅकबेरीचं औषध फळात नाही, पानात आहे. पानांत टॅनिन भरपूर असतं. त्याचा तोंडाला कोरड आणणारा तुरट गुण आतड्याच्या आणि घशाच्या सुजलेल्या अस्तरालाही आकसवतो. जर्मनीच्या ‘कमिशन ई’ या वनौषधी तपासणाऱ्या समितीने पानांना दोनच कामांसाठी मान्यता दिली: अचानक लागलेले साधे जुलाब आणि तोंड-घशाची सौम्य सूज. मुळांना तीही दिली नाही. त्यामुळे जुलाब लागल्यावर जॅम किंवा वाटीभर फळं खाणं उलटंच पडायचं; फळात चोथा आणि बियाच जास्त.

गफलत मुळात झाड ओळखण्यात होते. जूनमध्ये नाशिकजवळच्या त्र्यंबक-पेठकडून पाट्या भरून येतं ते जांभूळ: पान गुळगुळीत, फळात एकच मोठी बी. तुतीला काटे नसतात. ब्लॅकबेरीचं झुडूप काटेरी, एका देठावर तीन ते पाच दातेरी पर्णिका. पान उलटं करून मधल्या शिरेवरून बोट फिरवा, बारीक वाकडे काटे टोचतील. जांभळाच्या बियांच्या चूर्णाची मधुमेहातली ख्याती मात्र या झुडपाला चिकटवू नका.

द्राक्षबागेच्या बांधावर लावलेल्या झुडपाची पानं तर नकोतच. छाटणीनंतर बागेत बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण), गंधक आणि इतर फवारण्या सुरू झाल्या की वाऱ्याबरोबर त्या बांधावरही येतात. पानं धुऊन सगळं निघत नाही.

वाळवणाचं गणित आपल्याकडे थोडं विचित्र आहे. जुलाबांची साथ पावसाळ्यात, आणि नेमकी तेव्हाच पानं वाळत नाहीत. म्हणून एप्रिल-मेमध्येच सावलीत, सुती कापडावर एकेरी थर पसरून वाळवा. पान हातात कुरकुरीत मोडलं पाहिजे. नुसतं मऊ पडलेलं पान बरणीत भरलं तर आषाढात झाकण उघडताच कुबट वास येतो. अशी बरणी सरळ टाकून द्या, उन्हात घालून वाचवायच्या भानगडीत पडू नका.

काढा काळाकुट्ट झाला? भांडं लोखंडी असणार; टॅनिन आणि लोह एकत्र आले की शाईच होते. स्टीलचं पातेलं घ्या. काहीच फरक पडत नाही? दूध घातलंत का ते आठवा. आपल्याला कशाचाही चहा करायची सवय, पण दुधातलं प्रथिन टॅनिनला धरून ठेवतं. दीडशे मिली उकळत्या पाण्यात दीड ग्रॅम वाळलेली पानं टाकून दहा मिनिटं झाकून ठेवा आणि फडक्यातून गाळा, गाळणीतून काटे निसटतात. मोठ्यांसाठी दिवसातून तीनदा. गुळण्यांनाही हाच काढा, कोमट करून.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे काढ्यावर भिस्त ठेवून ओआरएस विसरणं. जुलाबात माणूस खचतो तो पाणी आणि क्षार गेल्याने, आणि ते काढा भरून देत नाही. शौचात रक्त, ताप, लघवी कमी होणं, लहान बाळ किंवा गरोदर बाई असेल तर काढ्याचा विचारच नको, दवाखाना गाठा. मोठ्या माणसालाही दोन-तीन दिवसांत उतार नसेल तर तेच. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर गोळी आणि काढा यांत निदान दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळीतलं लोह अंगी लागत नाही.