छोट्या ट्रेलरच्या चाकाची डस्ट कॅप नीट बसत नसेल तर

मिनी ट्रॅक्टरमागे द्राक्षाचे क्रेट किंवा फवारणीची टाकी वाहणाऱ्या दोन चाकी ट्रेलरच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या फिरत्या भागावर, पत्र्याची वाटीसारखी एक कॅप दाबून बसवलेली असते. अशा कॅपला आटे नसतात, बोल्टही नसतात. हबच्या भोकापेक्षा तिची कड किंचित मोठी असते आणि त्या ताणावरच ती टिकते. ती पडली की पुढचे बेअरिंग उघडे पडते, शेतरस्त्यावरची बारीक माती ग्रीसमध्ये मिसळते आणि ते मिश्रण घासण्याच्या पेस्टसारखे बेअरिंगचे रोलर व कप (ते ज्यात फिरतात ती बाहेरची कडी) दोन्ही झिजवत राहते. म्हणून पडलेली कॅप जोराने ठोकून परत बसवण्याआधी ती का निघाली हे शोधणे आवश्यक आहे.

ट्रेलर सपाट जागी उभा करून दुसऱ्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत, चाक जॅकवर उचलावे आणि अ‍ॅक्सलखाली भक्कम आधार द्यावा. कॅप काढताना बोथट छिन्नी तिच्या कडेखाली धरून गोल फिरत हलके ठोके द्यावेत, कारण एकाच जागी जोर दिल्यास कड वाकते आणि पुढे कितीही प्रयत्न केला तरी ती सरळ बसत नाही. निघालेली कॅप आतून पुसून उजेडात नीट पाहावी. आत चकचकीत गोल चरा दिसला, तर कॅसल नटमधल्या (अ‍ॅक्सलच्या टोकावरच्या खाचांच्या नटातल्या) स्प्लिट पिनची, म्हणजे नट सुटू न देणाऱ्या दुहेरी तारेच्या पिनची, टोके तिला घासत आहेत असे समजावे. कॅप हबबरोबर फिरते, पिन मात्र स्टब अ‍ॅक्सलवर (चाक ज्यावर फिरते त्या न फिरणाऱ्या दांड्यावर) स्थिर असते, त्यामुळे ती टोके कॅपला प्रत्येक फेऱ्यात बाहेर ढकलतात. टोके आखूड कापून नटाभोवती चपटी वळवली की हा दोष जातो.

चरा नसेल तर माप घ्यावे, आणि माझ्या मते बहुतेक वेळा उत्तर इथेच सापडते. कॅपची आत शिरणारी कड आणि हबचे भोक, दोन्ही व्हर्निअरने दोन आडव्या-उभ्या दिशांनी मोजावेत. पुष्कळ हबांमध्ये कॅपचे भोक आणि बाहेरच्या, म्हणजे कॅपजवळच्या, बेअरिंगच्या कपाचा व्यास एकच असतो, त्यामुळे कपावर कोरलेला क्रमांक वाचला तरी माप कळते: एलएम ११९१० या कपाचा बाहेरचा व्यास ४५.२४ मिलीमीटर, तर एल ४४६१० चा ५०.२९ मिलीमीटर असतो. ही मुळात इंची मापे आहेत, म्हणून मिलीमीटरमध्ये पूर्ण आकडा येत नाही. दुकानात ‘पन्नासची कॅप द्या’ असे सांगून नेमकी ५० मिलीमीटरची कॅप घेतली, तर ५०.२९ च्या भोकात ती सैलच राहणार. कॅपची कड भोकापेक्षा साधारण एक दशांश मिलीमीटर मोठी असली म्हणजे पकड पुरेशी मिळते. दोन दिशांची मापे वेगळी आली तर कॅप अंडाकृती झाली आहे; ती ठोकून गोल करण्यात वेळ घालवू नये, नवी घ्यावी.

कॅप उघडलेलीच आहे, तर बेअरिंगचा प्ले, म्हणजे ढिलेपणाही, तपासावा. चाक वर-खाली धरून हलवल्यावर ठकठक जाणवली, तर चाक फिरवत नट घट्ट करावा, मग थोडा मागे सोडावा आणि चाक मोकळे फिरेल पण जाणवण्याइतके डुगडुगणार नाही अशा जागी नवी स्प्लिट पिन घालावी. जुनी पिन पुन्हा वापरू नये.

बसवण्याआधी भोकातला गंज व रंग पॉलिश पेपरने काढावा, परंतु धातू घासला जाऊ देऊ नये आणि भुकटी बेअरिंगमध्ये पडू नये म्हणून आत कापडाचा बोळा ठेवून तो नंतर आठवणीने काढावा. कॅपमध्ये ग्रीस काठोकाठ भरू नये. हब तापला की ग्रीस फुगते आणि कॅपला आतून बाहेर लोटते. कॅपच्या बाहेरच्या कडेवर नीट टेकेल असा पाइपचा तुकडा घेऊन, त्यावर लाकडी ठोकळा ठेवून, मधोमध हातोडीचे हलके ठोके द्यावेत. मधल्या फुगीर भागावर ठोकल्यास तो चेपतो आणि कड आक्रसते.

हबचे भोकच झिजलेले असेल, तर योग्य मापाची कॅपही टिकत नाही. काही जण हबच्या आतल्या भिंतीवर पंचाने खुणा उठवतात. त्यातून सुटणारे कण बेअरिंगमध्ये जातात, म्हणून ते टाळावे. त्याऐवजी कॅपची कड गोल सळईवर चढवून हलक्या ठोक्यांनी सगळीकडून सारखी पसरवावी आणि बसवताना तिच्यावर सिलिकॉन सीलंटचा बारीक थर द्यावा, तोही ग्रीस पूर्ण पुसलेल्या कोरड्या कडेवरच. वाळल्यावर दगडासारखी घट्ट होणारी लांबी (पुट्टी) लावू नये, कारण पुढच्या ग्रीसिंगला कॅप फोडावी लागते. झीज जास्त असल्यास लेथवर भोक मोठे करून त्यात बुश (धातूची कडी) घालून घ्यावे किंवा हब बदलावा.

कॅप बसल्यावर हबच्या तोंडावर आणि कॅपवर रंगाची एक सलग रेघ ओढावी. पहिल्या भरलेल्या फेरीनंतर ती रेघ तुटलेली दिसली, तर कॅप हबमध्ये अजून सरकते आहे आणि माप पुन्हा घ्यावे लागेल.